एक माणूस, पाच वह्या

जनगणनेत घरांना तीन आठवडे मिळतात, बेघरांना एक रात्र. 2011 साली ती रात्र 28 फेब्रुवारीची होती. रेल्वेचे फलाट, देवळांचे मंडप, पुलांखालच्या जागा, रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे पाइप धुंडाळत प्रगणक फिरले आणि जे सापडले ते मोजले गेले. देशाची बेरीज आली सुमारे 17 लाख 73 हजार. महाराष्ट्राची 2 लाख 10 हजारांच्या वर. उत्तर प्रदेशानंतर आपलाच क्रमांक. आता येणाऱ्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीची अखेरच.

खान्देशाला ही तारीख मुळीच सोयीची नाही. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. साक्री, नवापूर, नंदुरबार या पट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं सुरत-बारडोलीकडच्या फडात असतात. होळीची ओढ लागली की परततात, आणि 2011 ची होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या खान्देशी ऊसतोड्यांवर 1978 साली सविस्तर लिहिलं. त्यांच्या लेखनात दिसणारी माणसं हीच: गावी खोपट, आणि वर्षातले कित्येक महिने फडाच्या कडेला पालात. त्यांना बेघर म्हणायचं की नाही? जनगणनेला याचं उत्तर एका रात्रीत द्यावं लागतं, म्हणून ती झोपायची जागा बघते आणि पुढे जाते.

त्याच वेळी जळगाव जिल्ह्यात उलटा ओघ असतो. रावेर-यावलच्या केळीला, जिनिंगला, वीटभट्ट्यांना सातपुड्यातून आणि मध्य प्रदेशातून मजूर येतात. त्यातले काही काम तुटलं की परत न जाता शहरात राहतात. भुसावळ जंक्शनवर तर देशभरातली माणसं उतरतात. कुणी गाडी चुकलेलं, कुणी घर सोडून निघालेलं, कुणी आपण कुठून आलो हेच विसरलेलं. एका रात्रीची मोजणी किती जण होते हे सांगू शकेल. पण फेब्रुवारीत भुसावळच्या फलाटावर झोपलेला माणूस जूनमध्ये धुळ्याच्या बसस्थानकावर झोपला होता का, मधल्या काळात त्याच्यावर उपचार झाले का, आणि झाले असतील तर ते कुणी अर्धवट सोडले, हे ती सांगत नाही. सेवा सुधारायची तर नेमकं हेच कळायला हवं.

आपल्याकडे बेघरांचा प्रश्न आतापर्यंत खाटांच्या भाषेत मांडला गेला, आणि त्याला कारणही तसंच होतं. 2010 च्या हिवाळ्यात दिल्लीत थंडीनं माणसं मरत होती. अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चालू होती. तिच्यात न्यायालयानं निवाऱ्याचा विषय घेतला आणि पाच लाखांवर वस्तीच्या शहरांनी दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा उभारावा असं सांगितलं. 2011 च्या गणनेत जळगाव शहर 4 लाख 60 हजारांचं आणि धुळे 3 लाख 75 हजारांचं निघालं. दोन्ही शहरं निकषाच्या बाहेर राहिली. 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यानं एक लाखाची वस्ती किंवा जिल्ह्याचं ठिकाण हा निकष धरला, तेव्हा ती आत आली. अभियानाचा हिशेब लावला तर जळगावला चार, धुळ्याला तीन आणि भुसावळला एक, असे शंभर-शंभर जणांचे निवारे लागतात. जळगावात शहरी बेघर निवारा केंद्र आहे. खाटा किती, भरल्या किती, निधी आला किती, खर्च किती, ही आकडेवारी अशा केंद्रांकडून वर जाते. खाटेवरचा माणूस त्या तक्त्यात नसतो.

तो असतो वह्यांमध्ये. समजा, पन्नाशीतला एक जण आहे, शिरपूरच्या वरच्या सातपुड्यातला पावरा आदिवासी. सावद्याकडे केळी भरायला आला. पाय दुखावला, काम सुटलं, भुसावळला आला. तिथं रेल्वे सुरक्षा दलानं फलाटावरून उठवलं, त्याची एक नोंद झाली. खोकला वाढला तेव्हा कुणीतरी जळगावच्या सिव्हिलला नेलं. केसपेपरवर नाव लागलं ‘पवार’, कारण लिहिणाऱ्याच्या कानाला तेच आडनाव ओळखीचं. वय अंदाजे साठ. बरं वाटल्यावर निवाऱ्यात काही रात्री काढल्या. तिथल्या रजिस्टरात त्यानं स्वतः सांगितलं म्हणून ‘पावरा’, पण वडिलांचं नाव राहिलं. जेवण देणाऱ्या संस्थेच्या वहीत तो नुसता ‘बाबा’. पुढे बसनं धुळ्याला गेला आणि तिथं रस्त्यात बेशुद्ध सापडला, तर पोलिसांच्या कागदावर ‘अनोळखी इसम’. पाच वह्या, पाच माणसं. धुळ्यातल्या डॉक्टरला जळगावचं निदान ठाऊक नाही, म्हणून तपासण्या पहिल्यापासून. निवाऱ्यातल्या कार्यकर्त्याला तो कुठं गेला ते कळत नाही, म्हणून ‘निघून गेला’ एवढाच शेरा. आणि त्याला स्वतःला प्रत्येक टेबलावर आपली कहाणी नव्यानं सांगावी लागते. गरिबाला सरकारी दारात सगळ्यात जास्त काय लागत असेल तर ती बोलण्याची ताकद, असं माझं मत आहे.

या पाच नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखायचं कसं, याचं आता एक शास्त्रच झालं आहे. 1946 साली हॅल्बर्ट डन या अमेरिकी आरोग्य-संख्याशास्त्रज्ञानं एका माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विखुरलेल्या नोंदी सांधण्याची कल्पना मांडली. 1969 मध्ये कॅनडाच्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी तिला गणित दिलं. त्याचं मर्म साधं आहे. दोन नोंदींतली एखादी गोष्ट जुळली की तिला वजन द्यायचं, पण ती गोष्ट जितकी दुर्मीळ तितकं वजन जास्त. जळगाव जिल्ह्यात दोन कागदांवर ‘पाटील’ जुळलं तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही. धडगाव तालुक्यातला एखादा दहा घरांचा पाडा दोन्हीकडे आला, तर माणूस बहुधा तोच. डाव्या भुवईवरची खूण, गोंदण, तुटलेलं बोट हीही वजनदार माहिती. म्हणून आपल्या रजिस्टरांत ‘गाव’ या रकान्यापुढे नुसतं ‘शिरपूर’ लिहिणं फार महागात पडतं. पाडा लिहायला हवा.

परदेशी हत्यार उचलून चालत नाही हेही इथं दिसतं. उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स नावाची पद्धत 1918 साली अमेरिकेत पेटंट झाली, आणि अनेक संगणक प्रणालींत ती आजही असते. ती रोमन लिपीतल्या नावाचं पहिलं अक्षर ठेवते, स्वर वगळते, उरलेल्या व्यंजनांना आकडे देते. तिच्या लेखी पावरा, पवार आणि पोरे हे तिघंही एकच. आपल्या त्या माणसाचे दोन कागद तिनं जुळवले असते हे खरं, पण त्यांच्याबरोबर खान्देशातले तमाम पवारही ओढून आणले असते. देवनागरीत, आपल्या आडनावांची चूकभूल ओळखून केलेली जुळवणी हवी. आणि शेवटचा निर्णय माणसानं करायला हवा, कारण चुकीच्या माणसाचा आजार दुसऱ्याच्या नावावर चढला तर औषधही चुकीचं जाईल.

आधार असताना हे सगळं कशाला, असं कुणीही विचारेल. त्यात खान्देशाला तर विचारायचा विशेष हक्क आहे. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. पण आधार ‘हा कोण’ एवढंच सांगतो. काल रात्री तो कुठं झोपला, कुठली गोळी चालू आहे, परत जायला गाव आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय फलाटावर झोपणाऱ्याचं कार्ड चोरीला गेलेलं असतं, विटा-ऊस उचलून बोटांचे ठसे झिजलेले असतात, आणि मनोरुग्णाला तर नावही आठवत नसतं. आधार नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून सेवा नाही, अशी साखळी तयार झाली तर बेघरांची यादी बेघरांनाच गाळणारी चाळणी होईल.

गंमत अशी, की माणसामागून नोंद चालवणं आपल्या शासनाला जमत नाही असं मुळीच नाही. क्षयरोगाचं बघा. 2012 पासून ‘निक्षय’ या प्रणालीवर क्षयरुग्णांची नोंद होते. रुग्ण जळगाव सोडून सुरतेला गेला तर त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते, म्हणजे सहा महिन्यांचा औषधक्रम मधेच तुटू नये. धान्याचं बघा. 9 ऑगस्ट 2019 पासून महाराष्ट्राचं रेशनकार्ड गुजरातेत आणि गुजरातचं महाराष्ट्रात चालू लागलं. देशात ही सोय पहिल्यांदा ज्या जोड्यांत सुरू झाली, त्यांतली ही एक. पुढे ‘एक देश, एक रेशनकार्ड’ म्हणून ती सगळीकडे गेली. खान्देशातून सुरतेला जाणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. मुलांचं बघा. हरवलेल्या आणि सापडलेल्या मुलांसाठी पोलीस, बालगृहं आणि बालकल्याण समित्या एकाच प्रणालीवर नोंद करतात. ‘ट्रॅकचाइल्ड’ आणि 2015 चं ‘खोया-पाया’ आता मिशन वात्सल्यच्या पोर्टलमध्ये आले आहेत. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे राज्याच्या महिला व बालविकास विभागाची स्थलांतर माग-प्रणाली. 2021 मध्ये ती ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली त्यांत नंदुरबार होता. अंगणवाडीत नाव असलेली गरोदर बाई, स्तनदा माता किंवा बालक स्थलांतर करून गेलं, तर जिथं पोचेल तिथल्या अंगणवाडीला ते कळावं आणि आहार-लस तिथं मिळावी, हा तिचा हेतू.

म्हणजे धान्य प्रवास करतं, क्षयाची गोळी प्रवास करते, पोषण आहार प्रवास करतो. वयानं मूल नसलेला, गरोदर नसलेला, क्षयही नसलेला, नुसता घर नसलेला प्रौढ माणूस यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याची वही निवाऱ्याच्या दाराशीच संपते.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 2001 मध्ये तिथल्या संसदेनं बेघरसेवांची सामायिक नोंद ठेवण्याचं बंधन गृहनिर्माण खात्यामार्फत आणलं आणि 2004 मध्ये त्या नोंदींचे प्रमाण रकाने ठरले. कल्पनेमागे आधीचं एक संशोधन होतं. रँडल कुन आणि डेनिस कल्हेन यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी जोडून 1998 साली दाखवलं की निवाऱ्यात येणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के लोक एकदाच, थोड्या दिवसांसाठी येतात. साधारण 10 टक्के ये-जा करत राहतात. उरलेले 10 टक्के वर्षानुवर्षं तिथंच असतात, आणि निवाऱ्याच्या एकूण दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस हेच वापरतात. कुठल्याही एका रात्रीच्या मोजणीत हे चित्र उलटं दिसतं. त्या रात्री हटकून सापडतात ते दीर्घकाळचे, म्हणून ‘बेघर म्हणजे असेच’ असा समज होतो. एकदाच येणारे आणि दीर्घकाळचे, या दोन गटांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी. पहिल्याला परतीचं तिकीट, थकलेली मजुरी मिळवून देणं किंवा पंधरा दिवसांचं छप्पर पुरतं. दुसऱ्याला कायमची जागा आणि उपचार लागतात. खान्देशात हे प्रमाण हेच असेल असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हंगामी मजुरांचा मोठा गट मधे येतो. पण आपलं प्रमाण काय, हे वह्या जोडल्याशिवाय समजणार नाही.

इलिनॉय राज्यातलं रॉकफर्ड हे शहर भुसावळपेक्षाही लहान आहे, वस्ती दीड लाखाच्या आसपास. तिथल्या संस्थांनी आकड्यांऐवजी नावानिशी यादी धरली. प्रत्येक बेघराचं नाव, गरज आणि आजची स्थिती एका यादीत, आणि सगळ्या संस्था ठरावीक दिवशी एका टेबलाभोवती बसून एकेक नाव घेणार. 2017 च्या सुरुवातीला दीर्घकालीन बेघरपणा जवळपास संपवल्याचं त्या शहरानं दाखवून दिलं. मला यात संगणकापेक्षा टेबल महत्त्वाचं वाटतं. आणि यादीच्या शेवटी घर होतं हेही विसरता येत नाही. भाड्याला सरकारी मदत होती, म्हणून नावापुढे पत्ता लागला. त्याच अमेरिकेत जानेवारी 2024 च्या मोजणीत 7 लाख 71 हजारांहून अधिक बेघर निघाले, आजवरचा उच्चांक. उत्तम नोंदी असूनही घरं महाग झाली की माणसं रस्त्यावर येतातच.

दुसरा धोका लंडननं दाखवला. तिथं रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था ‘चेन’ नावाची सामायिक नोंद ठेवतात. रात्री फिरणारा कार्यकर्ता ज्याला भेटतो त्याची नोंद करतो, आणि त्यातून नवा आलेला कोण, जुना कोण, बाहेर पडून पुन्हा परतलेला कोण, हे वेगळं काढता येतं. व्यवस्था नमुनेदार. पण 2017 च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की ब्रिटनच्या गृहखात्यानं तिच्यातली राष्ट्रीयत्वाची आकडेवारी मिळवली होती, युरोपातून आलेले बेघर कुठल्या भागात जास्त आहेत ते शोधून त्यांना मायदेशी धाडण्यासाठी. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या उच्च न्यायालयानं उघड्यावर झोपणं हे हद्दपारीचं कारण करणारं धोरण बेकायदा ठरवलं. पण मदतीची यादी पकडायच्या कामी येऊ शकते, हे त्याआधीच दिसून गेलं होतं.

आपल्याकडे तर ही भीती पुस्तकी नाही. 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्याखाली विनावॉरंट अटक होऊ शकते आणि पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं संस्थेत डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती. त्याहून जुनी आठवण गुन्हेगार जमाती कायद्याची आहे. फिरत्या जमातींची नावनिशीवार नोंद, बोटांचे ठसे, पोलीसपाटलाकडे हजेरी, गाव सोडायला परवाना; 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण पारध्याच्या पालावर वही-पेन घेऊन कुणी आलं तर आजही माणसं आधी पांगतात, ती का, हे यावरून समजतं. तेव्हा यादी करणाऱ्यानं त्यांना अडाणी म्हणू नये. त्यांचा अनुभव यादीपेक्षा जुना आहे.

म्हणून जळगाव-धुळ्यासाठी अशी व्यवस्था करायची तर सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नये. आधी रकाने ठरवावेत, आणि ते थोडे असावेत: सांगितलेलं नाव, अंदाजे वय, पाड्यापर्यंतचं गाव, बोली, शेवटची भेट कुठं झाली, चालू उपचार, आणि त्याला स्वतःला काय हवं आहे. जात, धर्म, पोलीस नोंद यांना त्यात जागा नसावी. बोलीचा रकाना मी मुद्दाम धरला आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी आणि सहकारी रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवतात. या कामासाठी वाटवानींना 2018 चं मॅगसेसे पारितोषिक मिळालं. रुग्ण सावरू लागला की त्याच्या बोलण्यातून गावाचा धागा शोधला जातो. अहिराणी, पावरी, भिली, गोरमाटी यांपैकी माणूस काय बोलतो एवढं लिहिलेलं असलं तरी शोधाची दिशा ठरते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भटकताना सापडलेल्या मनोरुग्णाबाबत हरवल्याची नोंद घेऊन कुटुंबाचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी केली आहे. ती नोंद आणि निवाऱ्याची वही एकमेकांना भेटल्या तर किती शोध जिल्ह्यातच संपतील.

मग कुणी काय पाहायचं ते ठरवावं. निवाऱ्यातल्या काळजीवाहकाला आज गोळी द्यायची आहे एवढं कळलं की पुरे, आजाराचं नाव कळायची गरज नाही. ते सिव्हिलच्या समाजसेवा अधीक्षकांकडे राहावं. पोलिसांना सरसकट यादी उघडी नसावी. हरवलेल्या माणसाबद्दल किंवा अनोळखी मृतदेहाबद्दल त्यांनी विचारावं आणि तेवढंच उत्तर मिळावं. ओळखक्रमांक या व्यवस्थेचा स्वतःचा असावा, आधारचा नव्हे. म्हणजे वही चुकीच्या हाती पडली तरी बाकीची दारं उघडत नाहीत. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती आणि हेतू यांच्या अटी आहेत, पण सरकारी योजनांना सवलतीही मोठ्या आहेत. कायद्याच्या भरवशावर न राहता संमती आपणच तोंडी, त्याच्या बोलीत, दोघांसमोर घ्यावी. तो नाही म्हणाला तरी ताट आणि अंथरूण मिळालंच पाहिजे. नाहीतर त्या संमतीला अर्थ नाही.

टेबलाभोवती कोण बसेल हेही सांगता येतं: दोन्ही महापालिका आणि भुसावळ नगरपरिषद, दोन्ही सरकारी रुग्णालयांचे समाजसेवा अधीक्षक, रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस, निवारा चालवणाऱ्या आणि जेवण देणाऱ्या संस्था, आणि रस्त्यावर राहून आलेला निदान एक जण. महिन्यातून दोनदा, दुपारचे दोन तास. पहिलं वर्ष हे कागदावर आणि एका साध्या तक्त्यावर चालेल. जिल्ह्याची हद्द मात्र मधे येता कामा नये. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर जळगावात, दोंडाईचा धुळ्यात आणि नवापूर नंदुरबारात. गाडीत बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही.

राहिला प्रश्न वहीच्या मालकीचा. निवाऱ्यांना पैसा देणाऱ्या नागरी उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. योजना संपते, संस्था बदलते, नव्या संस्थेला जुनी रजिस्टरं मिळतात किंवा मिळत नाहीत. म्हणून नोंद योजनेच्या नावावर नको, महापालिकेच्या दप्तरी असावी, आणि तिच्या विल्हेवाटीचा नियमही पहिल्याच दिवशी लिहावा. माणूस घरी पोचला आणि ठरावीक मुदतीत परतला नाही, तर त्याचं नाव आणि खुणा पुसून फक्त आकडा ठेवायचा. मुदत किती, दोन वर्षं की पाच, यावर डॉक्टर आणि कार्यकर्ते यांचं एकमत सहज होणार नाही. डॉक्टरांना जुना उपचार दिसायला हवा असतो, आणि घरी स्थिरावलेल्या माणसाला आपण कधीकाळी फलाटावर होतो याचा कागद शिल्लक नको असतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.